माहिती देणाराचे नाव

बत्तीस वर्षे मी एका नगरपालिकेत जन्म-मृत्यूच्या खिडकीमागे बसलो, हे या सदराच्या जुन्या वाचकांना नव्याने सांगायला नको. दर दिवाळीला त्याच खिडकीतली एखादी हकीकत सांगून मी तुमच्या फराळाच्या ताटाशेजारी येऊन बसतो. यंदाची हकीकत त्या खिडकीतली नाही. ती आहे आयर्लंडातली. पण पुस्तके तीच : जन्माचे, मृत्यूचे आणि लग्नाचे.

मी आयर्लंडात कसा पोचलो, हे आधी सांगतो. चिरंजीव डब्लिनला नोकरीला आहेत आणि सूनबाई तिथल्याच. (मालवणजवळच्या वराडचे मूळ असलेल्या घरातला मुलगा २०१७ साली त्या देशाचा पंतप्रधान झाला, तेव्हा आमच्याकडे आयरिश सून आली यात नवल ते काय, असे आमची सौ. हल्ली पाहुण्यांना ऐकवते. पहिले सहा महिने ती काय म्हणत होती, ते इथे लिहीत नाही.) नातीच्या बारशासाठी आम्ही उभयता गेलो आणि तीन महिने राहिलो.

विहीणबाईंचे वय शहात्तर. मास्तरीण म्हणून निवृत्त झालेल्या. माझी जन्मभराची नोकरी कसली होती हे कळताच त्यांनी चहाचा पेला खाली ठेवला आणि मला म्हणाल्या, "मग तुम्ही मला माझी पणजी शोधून द्या."

पणजीचे नाव ब्रिजेट. आईच्या आईची आई. तिच्याविषयी घरात एवढेच ठाऊक होते की ती मेयो परगण्यातली, आणि पोरवयात डब्लिनला घरकामाला आली. गाव कोणते, माणसे कोण, कुणाला पत्ता नाही. विहीणबाई लहानपणी आपल्या आजीला विचारायच्या, "तुझ्या आईचं गाव कुठलं गं?" आजी म्हणायची, "मेयो," आणि उठून स्वयंपाकघरात जायची. एरवी गोष्टी सांगून मुलांना झोपू न देणारी ती म्हातारी या एका प्रश्नाला मात्र उठून जायची. "ती का उठून जायची, एवढं मला मरायच्या आत कळायला हवं," विहीणबाई म्हणाल्या.

मी छाती पुढे काढून म्हटले, "हात्तिच्या! सरकारी नोंद असेलच की." त्यांनी माझ्याकडे असे पाहिले की, मास्तरणीपुढे पाढा चुकलेल्या पोरासारखे मला वाटले. आठ वर्षे त्या हेच करीत होत्या.

आयर्लंडात जुनी कागदपत्रे शोधणे म्हणजे जळलेल्या घरात भांडी शोधण्यासारखे आहे. १९२२ च्या यादवीत डब्लिनचे सरकारी दप्तरखाने स्फोटात उडाले आणि शतकानुशतकांचे कागद आकाशात गेले. १८२१ ते १८५१ च्या खानेसुमाऱ्यांतले बहुतेक सारे तिथेच संपले. पुढच्या दोन सरकारनेच नष्ट करविल्या होत्या आणि त्यापुढच्या दोन पहिल्या महायुद्धात लगद्याला घातल्या. म्हणजे स्वतःचेच कागद गिळणारे सरकार आमच्याकडेच आहे असे नव्हे! जुन्या खानेसुमाऱ्यांपैकी सबंध उरल्या त्या १९०१ आणि १९११ च्या दोन. पण नागरी नोंदणीची पुस्तके त्या दप्तरखान्यात नव्हती, म्हणून वाचली. कॅथलिकेतरांची लग्ने १८४५ पासून आणि बाकी सगळ्यांचे सगळे १ जानेवारी १८६४ पासून त्यांत लिहिलेले आहे. १८४५ नंतरच्या बटाट्याच्या दुष्काळात दहा लाख माणसे मेली, ती त्या पुस्तकांच्या आधीच. त्यांची मोजणी कुठल्याच खिडकीत झाली नाही.

हल्ली हे सारे संगणकावर फुकट दिसते. जन्म शंभर वर्षांपूर्वीचे, लग्ने पंचाहत्तर वर्षांपूर्वीची, मृत्यू पन्नास वर्षांपूर्वीचे. पानाचे छायाचित्रच समोर येते. मी ते पहिल्यांदा पाहिले तेव्हा, खरे सांगतो, मला आपल्या टेबलाशी बसल्यासारखे वाटले. तीच आखणी, तोच अनुक्रमांक, तोच घाईचा हात. तिकडे खेडोपाडी बहुधा सरकारी दवाखान्याचा डॉक्टरच निबंधक असे आणि त्याचे अक्षर डॉक्टराचेच असे.

विहीणबाईंनी जमविलेले मी क्रमाने मांडून घेतले. ब्रिजेटचे लग्न १८९१ साली डब्लिनला झाले. आयरिश लग्न बहुधा मुलीकडच्या चर्चमध्ये होते, म्हणून एरवी लग्नाच्या नोंदीवरून माहेर सापडते. इथे मुलगी कामाला होती तिथलाच पत्ता. वयाच्या रकान्यात आकडा नाही, नुसते 'पूर्ण', म्हणजे एकवीस किंवा त्याच्या वर. बापाचे नाव आणि 'शेतकरी'. मेयोत शेतकरी नसलेला माणूस काढून दाखवा! खानेसुमारीत जन्मस्थळ विचारले आहे, पण परगण्यापुरते. वय म्हणाल, तर १९०१ साली तीस आणि १९११ साली चव्वेचाळीस. दहा वर्षांत बाई चौदा वर्षांनी वाढली.

याचे विहीणबाईंना भारी वैषम्य वाटे. मला मुळीच वाटले नाही. आपल्याकडे हेडमास्तरांनी शाळेत नाव घालताना १ जून ही जन्मतारीख देऊन टाकलेली माणसे मी हजारोंनी पाहिली आहेत. आयर्लंडात १९०९ च्या जानेवारीपासून सत्तरी गाठलेल्यांना पेन्शन मिळू लागली, आणि १९११ च्या खानेसुमारीत कितीतरी म्हातारी माणसे एकाएकी आणखी म्हातारी झाली. त्यांचा जन्म नोंदणीच्या आधीचा, तेव्हा खोटे ठरविणार कोण? ब्रिजेट पेन्शनीच्या वयाची नव्हती. तिला आपले वय ठाऊक नव्हते, एवढेच.

शिवाय आडनाव. ते घरचे आहे म्हणून इथे देत नाही, पण नवऱ्याचे काय आणि माहेरचे काय, दोन्ही तिकडे जोशी-कुलकर्ण्यांइतकी चालती. मॅथेसन नावाच्या निबंधकाने १८९० च्या जन्मांवरून आडनावांची मोजदाद केली, तीत मर्फी पहिले आणि केली दुसरे. याच गृहस्थाने एका आडनावाची किती रूपे लिहिली जातात याचेही पुस्तक केले. 'ओ' आणि 'मॅक' कधी लावतात, कधी गाळतात. आयरिश भाषेत लोहाराचे जे आडनाव, ते कुणी मॅकगोवन लिहितो, तर कुणी इंग्रजी करून स्मिथ. आणि ब्रिजेटच कधी बिडी, कधी डीलिया.

एक गोष्ट मात्र १९११ च्या खानेसुमारीत अशी आहे की ती वाचून मी थांबलो. लग्न झालेल्या बाईला त्यात विचारले आहे : मुले किती झाली आणि हयात किती? ब्रिजेटच्या नावापुढे आठ आणि पाच.

"गेलेल्या तिघांचं काय?" मी विचारले.

दोघे डब्लिनच्या मृत्यूच्या पुस्तकात सापडले होते. डब्लिनच्या एकेका खोलीत राहणाऱ्या गरिबांची मुले तेव्हा किती जात, ते त्या पुस्तकांची पाने उलटताना नजरेला दिसते. तिसरी मार्गारेट. १८९७ साली डब्लिनला जन्मल्याची नोंद आहे. १९०१ च्या खानेसुमारीत घरात नाही. मृत्यू डब्लिनला नाही. "नोंद करायची राहिली असेल," विहीणबाई म्हणाल्या. "शिवाय ती माझी पूर्वज नव्हे. माझ्या आजीची धाकटी बहीण. तिच्यामागे मी फारशी लागले नाही."

त्या रात्री मला झोप आली नाही. सौ.ला म्हटले, "अगं, दोन वर्षांचं अशक्त पोर, बाप गोदीत हमाल, खोलीत सहासात माणसं. आपल्याकडे काय केलं असतं?"

ती कूस न बदलता म्हणाली, "आजोळी पाठवलं असतं. त्यात विचारायचं काय?"

दुसऱ्या दिवशी आम्ही डब्लिन सोडून मेयोतले मृत्यू पाहू लागलो. त्या नावाच्या लहान मुली एकामागून एक येत होत्या आणि विहीणबाई प्रत्येकीचे पान उघडून पाहात होत्या. आयरिश मृत्यूच्या नोंदीत आईबापांचे नाव नसते, ही मोठी अडचण. मुलाच्या धंद्याच्या रकान्यात मात्र बापाचा धंदा लिहितात. दुपारी तीनच्या सुमारास कॅसलबारच्या नोंदणीत एक पान उघडले. १८९९, मार्गारेट, वय दोन, 'मजुराचे मूल'. गोवर, नऊ दिवस, वैद्य नव्हता. आणि शेवटून तिसऱ्या रकान्यात माहिती देणाराचे नाव : ब्रिजेटच्या माहेरचे आडनाव, मागचा 'ओ' गाळलेला, मध्ये एक फुली, आणि खाली लिहिलेले : आजी, मृत्यूसमयी हजर. त्याखाली वाडीचे नाव.

विहीणबाई काही बोलल्या नाहीत. त्यांनी ते वाडीचे नाव तीनदा मोठ्याने वाचले. मग म्हणाल्या, "माझी आजी तेव्हा सात वर्षांची होती. तिनं धाकटीला गाडीत बसवून दिलेलं पाहिलं असणार." आणि उठून स्वयंपाकघरात गेल्या.

मी एकटाच त्या पानापुढे बसलो. आता जे सांगतो ते या सदरात पूर्वी कधी लिहिलेले नाही. १९७९ च्या पावसाळ्यात माझ्या खिडकीशी एक म्हातारी आली होती, नातवाचा मृत्यू लिहवायला. मी विचारले, बाप कुठे आहे? म्हणाली, मुंबईला गिरणीत. मी म्हटले, मग त्याला पाठवा. ती म्हणाली, "पोरगं माझ्या मांडीवर गेलं, साहेब. त्याला काय ठावं?" कायद्याने तिचे म्हणणे लिहून घ्यायला काही हरकत नव्हती. जेवणाची सुट्टी व्हायला पाच मिनिटे होती, म्हणून मी तिला दुसऱ्या दिवशी यायला सांगितले. ती आली नाही. त्या रकान्याला आम्ही कचेरीत काही किंमत देत नसू. अर्ज घेऊन येईल त्याचे नाव, झाले. कॅसलबारच्या त्या निबंधकाने एका निरक्षर बाईचे नाव, नाते आणि वाडी लिहून घेतली, म्हणून सव्वाशे वर्षांनी तिच्या खापरपणतीला तिचा पत्ता लागला.

पुढचे भराभर झाले. वाडीवरून पॅरिश कळली. त्या पॅरिशचे बाप्तिस्म्याचे पुस्तक राष्ट्रीय ग्रंथालयाने २०१५ पासून सर्वांना खुले केले आहे. त्यात ब्रिजेट सापडली : २ फेब्रुवारी १८६७, आईबापांच्या नावांसकट. १ फेब्रुवारी हा संत ब्रिजिडचा दिवस, म्हणून ते नाव. म्हणजे १९११ चे चव्वेचाळीस बरोबर होते आणि १९०१ चे तीस चूक. पण सरकारी पुस्तकात त्या साली ब्रिजेट नाही ती नाहीच. इथे माझी नोकरी कामाला आली. मी म्हटले, "आडनावाच्या यादीचा शेवट पाहा. नाव न सांगितलेली मुलं तळाशी टाकलेली असतात." तळाला नुसते 'स्त्री' असे लिहिलेले होते. माहिती शेजारणीने दिली होती. तिला बाळाचे नाव सांगता आले नसावे. आणि जन्मतारीख १० मार्च १८६७!

"बारसं आधी आणि जन्म मागाहून?" सौ.ने विचारले.

नोंद उशिरा केली तर दंड पडे, म्हणून लोक तारीखच पुढे ढकलीत. हे ऐकून सौ.ला आयरिश लोक फारच आपले वाटू लागले.

विहीणबाईंचे समाधान मात्र त्या जन्माच्या नोंदीने झाले नाही. त्या पुन्हा मृत्यूच्या पानाकडे वळल्या. त्या फुलीवर बोट ठेवून म्हणाल्या, "ही तिच्या हातची. एवढंच तिनं लिहिलेलं उरलंय."

मी गप्प बसायला हवे होते. पण बत्तीस वर्षांची सवय. म्हटले, "विहीणबाई, ही तिच्या हातची नव्हे. पाहा ना, सबंध पान एकाच अक्षरात आहे. ही डब्लिनला पाठवलेली नक्कल. फुलीसुद्धा निबंधकानंच नकलून काढली आहे."

त्यांचा चेहरा उतरलेला पाहून सौ.ने मला कोपराने ढोसले.

"मग तिनं काढलेली फुली कुठे आहे?"

"अस्सल पुस्तकात. ती पुस्तकं तिकडेच राहतात, जिल्ह्याच्या निबंधकाकडे. दाखवतीलच असं नाही. आमच्या खिडकीत मी कुणाला दाखवलं नसतं."

"तुमच्या खिडकीचं राहू द्या," विहीणबाई म्हणाल्या आणि माझ्या चिरंजिवांकडे वळून त्यांनी विचारले, "कॅसलबारची पहिली गाडी किती वाजता सुटते रे?"