भट्टीपासून रुग्णशय्येपर्यंत

रायपूरहून बिलासपूरकडे जाणाऱ्या महामार्गावर सिलतऱ्याची औद्योगिक वसाहत लागते. लोहखनिज व कोळसा लांबलचक फिरत्या भट्टीत सुमारे हजार अंश तापमानाला भाजून स्पंज आयर्न तयार करणारे कारखाने येथे उभे आहेत. रायपूरची राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्था १९५६ साली खनिकर्म व धातुशास्त्राचे महाविद्यालय म्हणून सुरू झाली. तेथील विद्यार्थ्याला प्रशिक्षणासाठी असा कारखाना परका नाही.

तिसऱ्या वर्षातला एखादा विद्यार्थी भट्टीजवळ उभा राहतो तेव्हा त्याला यंत्राबरोबर माणूसही दिसतो. तोंडाला गमछा बांधलेला, धुळीने खोकणारा कामगार पाहून 'आपण डॉक्टरच व्हायला हवे होते' असे त्याच्या मनात येते. घरी हा विचार बोलून दाखवला की वडील चार वर्षांचा आणि शुल्काचा हिशेब मांडतात, आणि आईला मात्र दारावरची 'डॉक्टर' ही पाटी आधीच दिसू लागते! एम.टेक. की एम.बी.बी.एस., हा प्रश्न मग त्या घरात महिनोन्महिने रेंगाळतो.

अमेरिकेत पदवीनंतरच वैद्यकीय शिक्षण सुरू होते, त्यामुळे तेथे अभियंत्याने तिकडे वळण्यात नवल नाही. आपल्याकडे वैद्यकाची वाट बारावीनंतर फुटते. अभियंत्याला बारावी झालेल्या मुलांच्या शेजारी बसून पुन्हा पहिल्या वर्षापासून आरंभ करावा लागतो. साडेचार वर्षे अभ्यासक्रम, वर्षभर आंतरवासिता, आणि पुढे विशेषज्ञ व्हायचे तर आणखी तीन वर्षे. दार पूर्वीइतके घट्ट राहिलेले नाही, हेही खरे. 'नीट'ची कमाल वयोमर्यादा २०२२ साली उठली. बारावीनंतर जीवशास्त्र अतिरिक्त विषय म्हणून उत्तीर्ण होणाऱ्यांनाही परीक्षेस बसता येईल, असे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने नोव्हेंबर २०२३ मध्ये जाहीर केले.

परंतु नियम अनुकूल झाला म्हणून खर्च कमी होत नाही. बहुतेक शैक्षणिक कर्जांची परतफेड अभ्यासक्रम संपल्यानंतर वर्षभराने सुरू होते. व्याज मात्र त्या काळातही मोजले जात असते. पहिले कर्ज फिटण्यापूर्वी दुसरे काढणाऱ्या कुटुंबाने हे व्याज आधीच कागदावर मांडावे. शासकीय महाविद्यालयातील जागा मिळाली तर गोष्ट वेगळी. खासगी महाविद्यालयाच्या शुल्काने घर गहाण पडू शकते. याउलट, 'गेट'च्या आधारे एम.टेक.ला प्रवेश घेणाऱ्यास दरमहा १२,४०० रुपये विद्यावेतन मिळण्याची सोय आहे.

तरीही हा निर्णय केवळ पैशावर सोडणे योग्य नव्हे. त्या कामगाराचे फुप्फुस तपासणारा डॉक्टर हवाच, पण तो रुग्णापर्यंत पोहोचतो तोवर धूळ आत गेलेली असते. ती भट्टीपाशीच अडवणे हे अभियंत्याचे काम आहे, आणि त्याची प्रतिष्ठा आपल्या समाजात अजून पुरती रुजलेली नाही. तिरुअनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत तयार झालेली हृदयाची कृत्रिम झडप १९९० साली प्रथम रुग्णाला बसवण्यात आली. शल्यविशारद डॉ. एम. एस. वलियाथन यांच्या जोडीला तेथे जी. एस. भुवनेश्वर यांच्यासारखे अभियंते होते. कोणता धातू रक्तात टिकेल आणि कोणती चकती लाखो वेळा उघडझाप करूनही झिजणार नाही, हे प्रश्न पदार्थशास्त्राचेच होते. आधीची प्रारूपे फसली, तरी काम थांबले नाही. रुग्णाची सेवा करायची तर अंगावर पांढरा कोटच हवा, ही समजूत अशा उदाहरणापुढे टिकत नाही.

मात्र ज्याला रुग्णाशेजारी बसायचे आहे, त्याचा हात हातात घेऊन निदान करायचे आहे, त्याचे समाधान कोणत्याही एम.टेक.ने होणार नाही. अशा मुलाला 'वय निघून गेले' म्हणून अडवणे अन्यायाचे. त्याने महिनाभर एखाद्या शासकीय रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागातील रांग जवळून पाहावी. तेथील वास, गोंगाट आणि थकवा सोसूनही ओढ टिकली तर ती खरी समजावी. परीक्षेत कमी गुण पडले म्हणून अभियांत्रिकीचा कंटाळा आलेल्या मुलाची ओढ बहुधा पहिल्या आठवड्यातच ओसरेल.

वडिलांची धास्ती कमी करणारी एक सोय अनेक घरांना ठाऊक नसते. 'गेट' तिसऱ्या वर्षातही देता येते आणि तिचे गुण तीन वर्षे ग्राह्य असतात. ती परीक्षा आधी उत्तीर्ण करून ठेवली, तर पदवीनंतरचे एक वर्ष जीवशास्त्राला आणि 'नीट'ला देता येते. ते वर्ष फळले नाही तरी एम.टेक.चा अर्ज भरण्याची मुभा शिल्लक राहते. मुदत एकच वर्षाची, हे मात्र मुलाने आणि वडिलांनी आरंभीच ठरवून घ्यावे.