लढाई म्हणजेच गेमप्ले?

आमच्या रहिमतपुरातला एक मित्र ‘एम्पायर: टोटल वॉर’ खेळतो, मराठ्यांकडून. २००९चा गेम आहे. त्यातले कर, तह, व्यापार तो भराभर क्लिक करून उरकतो. म्हणतो, “खरा गेमप्ले लढाईत. बाकी सगळी कारकुनी.”

मला हे साफ अमान्य आहे. १६५९ साली अफझलखान याच रहिमतपूरवरून वाईला गेला. प्रतापगडाखालची भेट झाली १० नोव्हेंबरला, आणि ती क्षणांत संपली. पण त्याआधी? महाराज मोकळ्या मैदानात उतरलेच नाहीत. पंताजी गोपीनाथांना वकील म्हणून धाडलं, आपण घाबरलोय असं भासवलं आणि खानालाच जावळीच्या रानात यायला लावलं. शस्त्र निघण्याआधीच डाव अर्धा जिंकला होता. मित्राच्या लेखी ही कारकुनी!

अर्थात नुसतं थांबणंही गेमप्ले नव्हे. ‘क्लॅश ऑफ क्लॅन्स’मध्ये टाउन हॉल अपग्रेडला लावा आणि दिवसचे दिवस थांबा, नाहीतर जेम्स उडवून मोकळे व्हा. (अटॅक करण्यात खेळ आहे, तो मीही खेळतो.) पण त्या टायमरपुढे मला ठरवायचं काय असतं? पैसे टाकून जे वगळता येतं आणि वगळल्यावर काहीच हुकत नाही, त्याला मी खेळ म्हणणार नाही. तह पाळायचा की मोडायचा, हे ठरवताना मात्र पुढची कित्येक वर्षं पणाला लागतात.

परवा मित्राने ओळीने तीन लढाया जिंकल्या, खजिना रिकामा झाला आणि त्याने कॅम्पेन पहिल्यापासून सुरू केलं. नेमक्या कुठल्या लढाईत हरलास, असं विचारलं तर उत्तर देत नाही.