राखीव पॅराशूट आहे. पण उघडणार का?

जानेवारी २०२५ मधील अवघ्या काही दिवसांत देशात पॅराग्लायडिंगचे तीन जीवघेणे अपघात झाले. गोव्यातील केरीच्या पठारावरून झेपावलेली पुण्याची एक तरुणी आणि तिला घेऊन उडणारा नेपाळी पायलट दरीत कोसळून मरण पावले. त्याच सुमारास हिमाचल प्रदेशात धरमशाला आणि कुल्लू येथे वेगवेगळ्या अपघातांत दोन पर्यटकांचा बळी गेला. दोन-चार दिवस बातम्या आल्या, गुन्हे नोंदले गेले, काही ठिकाणची उड्डाणे थांबवण्यात आली. मग सगळे पूर्ववत झाले. या ‘पूर्ववत’ होण्यालाच माझा आक्षेप आहे.

हँग ग्लायडर असो वा पॅराग्लायडर, दोन्हींत इंजिन नसते. एकात धातूच्या नळ्यांचा सांगाडा असतो, तर दुसऱ्यात वाऱ्याने फुगणारे निव्वळ कापड. पंख मोडला किंवा मिटला, तर उरतो एकच आधार : राखीव पॅराशूट. ते आपोआप उघडत नाही. पायलटला मुठीत धरून ते बाहेर ओढावे लागते आणि मोकळ्या हवेत जोराने भिरकवावे लागते. नीट उघडले, तर माणूस सेकंदाला साधारण पाच ते साडेपाच मीटर वेगाने खाली येतो. हा वेग दीड मीटर उंचीवरून मारलेल्या उडीइतका असतो. पाय मोडेल, पण जीव वाचेल.

मात्र या आधाराला दोन अटी आहेत : उंची आणि वेळ. हवाई कसरती नेमक्या याच दोन गोष्टी खर्ची घालतात. वेगवान गिरकीत ग्लायडर सेकंदाला वीस मीटरपर्यंत खाली येऊ शकतो. म्हणजे शंभर मीटर उंची पाच सेकंदांत संपते. त्या गिरकीत शरीराचे वजन कित्येक पटींनी वाढल्यासारखे वाटते, हात जड होतात, कधी शुद्धही हरपते. अशा अवस्थेत मूठ सापडायची, ती ओढायची आणि पॅराशूट फिरत्या पंखात न अडकता दूर फेकायचे, हे सरावाशिवाय अशक्य आहे. म्हणूनच कसरतींचे व्यावसायिक खेळाडू बहुधा दोन राखीव पॅराशूट बाळगतात, नवे डावपेच भरपूर उंचीवर, शक्यतो तलावावर शिकतात आणि खाली बचावाची नौका सज्ज ठेवतात.

आता आपल्याकडचे चित्र पाहा. पर्यटनस्थळी टँडेम उड्डाणासाठी आलेला माणूस आयुष्यात पहिल्यांदाच हवेत जात असतो. त्याला ‘थोडा थरार हवा का?’ असे विचारले जाते. तो हसत ‘हो’ म्हणतो. चित्रफीत चांगली येते, बिदागीही वाढते. या ‘हो’ला संमती म्हणायचे का? कशाला होकार दिला, हे त्याला कोणीच सांगितलेले नसते. एका उतरण-मैदानावर मी एका टँडेम पायलटला राखीव पॅराशूट शेवटचे कधी उलगडून पुन्हा घडी घातले, असे विचारले होते. ‘अजून वापरायची वेळच आली नाही,’ असे तो अभिमानाने म्हणाला. वास्तविक महिनोन्‌महिने दाबून ठेवलेले कापड ओलावा आणि घामाने चिकटते, उघडायला वेळ लावते. म्हणूनच ठरावीक काळाने, साधारणतः सहा महिने ते वर्षभरात, ते मोकळे करून पुन्हा घडी घालावे, असे उत्पादक सांगतात. वापर न होणे हा काही त्याच्या तंदुरुस्तीचा पुरावा नव्हे.

राखीव पॅराशूट हा सर्व रोगांवरचा उपाय नाही, हेही स्पष्ट केले पाहिजे. डिसेंबर २०२२ मध्ये कुल्लू जिल्ह्यात साताऱ्याकडील एक तरुण टँडेम उड्डाणात हार्नेसमधून निसटून पडला. त्याला कोणतेही पॅराशूट वाचवू शकले नसते. वाचवू शकली असती ती उड्डाणापूर्वीची बकलांची तपासणी. उड्डाण घेताना किंवा उतरताना, जमिनीलगत घडणाऱ्या अपघातांतही पॅराशूट उघडायला उंचीच नसते. म्हणजे सुरक्षेची साखळी जमिनीवरच सुरू होते. पॅराशूट हा तिचा शेवटचा दुवा आहे.

ही साखळी तपासायची कोणी? हिमाचलमध्ये २००४ पासून हवाई क्रीडांचे नियम आहेत. बीर-बिलिंगने २०१५ मध्ये पॅराग्लायडिंगची विश्वचषक स्पर्धा भरवली. तरीही एका बारा वर्षांच्या मुलाच्या मृत्यूनंतर नोंदणी आणि उपकरणांची तपासणी करा, असे २०२२ मध्ये तेथील उच्च न्यायालयाला सांगावे लागले. त्याच वर्षी जूनमध्ये केंद्राने राष्ट्रीय हवाई क्रीडा धोरण जाहीर केले. पॅराग्लायडिंग आणि हँग ग्लायडिंगसह अकरा क्रीडाप्रकार त्यात आहेत. या क्षेत्राची उलाढाल शंभर कोटींच्या आतून आठ ते दहा हजार कोटींवर जाईल आणि एक लाख रोजगार निर्माण होतील, अशी उमेद त्यात व्यक्त झाली आहे. रोजगार हवेतच, डोंगराळ गावांतील तरुणांसाठी तर ते मोलाचे आहेत. पण धोरण म्हणजे कायदा नव्हे. संघटनांनी नियम करावेत आणि सदस्यांनी ते पाळावेत, या अपेक्षेवर प्रवाशाचा जीव टांगणीला लावता येत नाही.

माझ्या मते चार गोष्टी तातडीने व्हायला हव्यात. पहिली, पैसे घेऊन प्रवासी नेणाऱ्या उड्डाणात कसरतींना पूर्ण मनाई. स्वतःच्या जबाबदारीवर कसरती करणाऱ्या प्रशिक्षित खेळाडूचे स्वातंत्र्य वेगळे आणि प्रवाशाची सुरक्षा वेगळी. दुसरी, प्रत्येक राखीव पॅराशूटवर घडी घातल्याची तारीख आणि घालणाऱ्याची सही. ती पाहण्याचा हक्क प्रवाशाला असावा. तिसरी, टँडेम परवान्यासाठी पॅराशूट फेकण्याचा प्रत्यक्ष सराव आणि त्याची ठरावीक काळाने फेरपरीक्षा. चौथी आणि सर्वांत महत्त्वाची, अपघातांची जाहीर नोंद.

या चौथ्या मुद्द्याकडे आपले सर्वाधिक दुर्लक्ष होते. ब्रिटन, जर्मनी आणि अमेरिकेतील हँग ग्लायडिंग-पॅराग्लायडिंग संघटना अपघातांची माहिती गोळा करून तिचे विश्लेषण सदस्यांपुढे ठेवतात. थोडक्यात टळलेल्या प्रसंगांनाही त्यात स्थान असते. आपल्याकडे विमान पडले तर तांत्रिक चौकशी होते. पॅराग्लायडर पडला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ खाली निष्काळजीपणाचा गुन्हा नोंदवून प्रकरण पोलीस ठाण्यात जाते. दोषी कोण, हे पोलीस शोधतील. पण पॅराशूट का उघडले नाही, किती उंचीवर फेकले, फेकलेच होते का, याची उत्तरे कोण शोधणार? ती न मिळाल्याने पुढचा पायलट काहीच शिकत नाही.

बंदी घालणे सोपे असते, ती विसरणे त्याहून सोपे. सरसकट बंदीने प्रामाणिक व्यावसायिकाची चूल विझते आणि बेकायदा धंदा शेजारच्या टेकडीवर सरकतो. त्याऐवजी पुढील हंगामापूर्वी प्रत्येक राज्याने आपल्या उड्डाणस्थळावरील एकूण एक राखीव पॅराशूट उलगडून पाहावे. खर्च नगण्य आहे, कायदादुरुस्तीची वाट पाहायची गरज नाही. किती उघडतात आणि किती चिकटलेली निघतात, तो आकडा मात्र जनतेपुढे यायला हवा.