भरतीत उर्दू चालते, मग प्रशिक्षणात का नाही?

गेल्या पावसाळ्यात माझी एक जुनी विद्यार्थिनी संध्याकाळी घरी आली. उर्दू माध्यमातून दहावी, मग बारावी झालेली आणि आता आमच्याच मोहल्ल्यात अंगणवाडी सेविका. हातात पिशवी, पिशवीत तीन दिवसांच्या प्रशिक्षणात मिळालेली पुस्तिका आणि झेरॉक्सचा गठ्ठा. म्हणाली, "आपा, ये जरा समझा के देव. वहाँ सर पे से गया."

मी उर्दू शाळेत मराठी शिकवते. मराठी वाचून उर्दूत सांगणं हे माझं रोजचंच काम. चहा ठेवला आणि एकेक कागद तिला सांगू लागले. मुलांच्या वाढीचे टप्पे, कुठल्या महिन्यात मूल काय करतं, कुठे शंका घ्यावी. एका ओळीचा अर्थ असा होता की मुलाच्या पाठीमागून आवाज केला तर ते वळून बघतं का, हे तपासा. मी ते उर्दूत सांगितलं आणि तिच्या हातातला कप तसाच राहिला.

तिच्या अंगणवाडीत साडेचार वर्षांचा एक मुलगा होता. वर्षभर रोज यायचा, हसायचा, खिचडी खायचा, पण गाण्यात तोंड उघडायचा नाही. पर्यवेक्षिका बाई आल्या तेव्हा म्हणाल्या, घरी उर्दू बोलतात ना, मराठी कळत नसेल. आरोग्य तपासणीचं पथक आलं, त्यांनी मराठीत नाव विचारलं, मुलगा नुसता बघत राहिला. त्यांनीही तेच कारण मानलं आणि पुढच्या मुलाकडे वळले. पण माझी विद्यार्थिनी त्याच्याशी उर्दूतच बोलायची आणि तो उर्दूतही उत्तर द्यायचा नाही. तिला शंका होती. प्रशिक्षणाच्या तिसऱ्या दिवशी तज्ज्ञ मॅडमनी विचारलं, "काही शंका?" साठ बायकांसमोर उभं राहून मराठीत हे कसं विचारायचं, ते तिला जुळवता आलं नाही. ती खाली मान घालून बसली. तिच्या रांगेतल्या बाकीच्याही तशाच बसल्या.

दुसऱ्या दिवशी तिने त्या मुलाच्या मागे उभं राहून ताटली वाजवली. सगळी मुलं दचकली, तो खेळत राहिला. मदतनीस बाई म्हणाल्या, "मेरे कू तो कब से मालूम था, पर मेरे कू कौन पूछता?" जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात तपासणी झाली. मुलाला दोन्ही कानांनी फार कमी ऐकू येत होतं. आता यंत्र बसवलंय आणि तो शब्द शिकतोय. पण बोलणं शिकण्याची सगळ्यात कोवळी वर्षं त्याच्या हातून गेली आणि त्यातलं एक अख्खं वर्ष सरकारच्या अंगणवाडीत गेलं.

यात कुणी दुष्ट नव्हतं. पर्यवेक्षिका चांगल्या आहेत, पथकातले डॉक्टरही. 'उर्दू आहे ना' हे कारण इतकं सोयीचं होतं की त्यापुढे कुणी बघितलंच नाही. आणि जिला दिसत होतं, तिला विचारण्याची भाषा आपण दिली नाही.

आता माझा मुद्दा सांगते. आपल्या राज्यात सेविकांच्या भरतीच्या नियमात एक शहाणपणाची तरतूद आहे. ज्या अंगणवाडीत निम्म्याहून जास्त मुलं मराठीखेरीज दुसरी भाषा बोलणारी असतील, तिथे ती भाषा जाणणारी सेविका घ्यावी. उर्दू, गोंडी, पावरी, कन्नड, बंजारा या भाषा त्यात येतात. म्हणजे तीन वर्षांचं मूल घरच्या बोलीतच शिकतं, हे सरकारला मान्य आहे. मग त्याच सेविकेला प्रशिक्षणाला बोलावल्यावर ही समज कुठे जाते? माझ्या ओळखीच्या उर्दू भाषिक सेविकांपैकी एकीलाही उर्दूत प्रशिक्षण मिळालेलं नाही, उर्दूत एक पानही मिळालेलं नाही. भाषा येते म्हणून नेमलं आणि नेमल्यावर त्याच भाषेला दाराबाहेर चपलांजवळ ठेवायला सांगितलं.

अंगणवाडी म्हणजे खिचडी वाटप, असं आपल्यापैकी पुष्कळांना वाटतं. २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशात ३३ प्रकल्पांपासून एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली, तेव्हापासून तिच्यात सहा सेवा आहेत: पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा, आहार-आरोग्याचं शिक्षण आणि शाळापूर्व शिक्षण. मूल वजनात कमी आहे, ऐकू येत नाही, चालायला उशीर होतोय, हे ओळखून योग्य ठिकाणी पाठवणं म्हणजे संदर्भ सेवा. ही सेवा सेविकेच्या नजरेवर उभी असते. ती नजर तयार करणं म्हणजे प्रशिक्षण.

आणि ते किती दिवसांचं? माझं बीएड एक वर्षाचं होतं. २०१५ पासून ते दोन वर्षांचं झालं. चौदा वर्षांच्या मुलाला व्याकरण शिकवायला दोन वर्षांची तयारी लागते आणि तीन वर्षांच्या मुलाला बोलतं करायला तीन दिवस पुरतात? पूर्वी नव्या सेविकेला महिनाभराच्या आसपास प्रशिक्षण असायचं. माझ्या विद्यार्थिनीला नेमणूक होऊन दीड वर्ष झालं तरी ते मिळालं नव्हतं. २०२३ मध्ये केंद्राने 'पोषण भी पढाई भी' हा कार्यक्रम आणला. त्यात सेविकांना तीन दिवसांचं प्रशिक्षण आहे, खेळातून शिकवणं आहे, दिव्यांग मुलांचाही विचार आहे. हेतू उत्तम आहे. पण तीन दिवसांत हे सगळं आणि तेही अर्धवट कळणाऱ्या भाषेत!

शिवाय कागदावर याहून मोठं वचन आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात लिहिलं आहे की बारावी किंवा त्यापुढे शिकलेल्या सेविकेला सहा महिन्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम द्यावा, त्याहून कमी शिकलेल्या सेविकेला एक वर्षाचा पदविका अभ्यासक्रम द्यावा, तो मोबाइल आणि दूरचित्रवाणीवरून शिकता यावा आणि महिन्यातून निदान एक वर्ग समोरासमोर व्हावा. त्याच धोरणात घरच्या भाषेतून शिकण्याचा आग्रह आहे. मुलाला घरच्या भाषेत शिकवा, हे सेविकेला परक्या भाषेत सांगायचं, यातली गंमत कुणाच्या लक्षात येत नाही का?

यावर दोन आक्षेप मी ऐकले आहेत.

पहिला आक्षेप बाहेरून येतो. महाराष्ट्रात राहता तर मराठीतच शिका, उर्दूत प्रशिक्षण म्हणजे या मुलांना मराठीपासून तोडणं. मी वीस वर्षं उर्दू घरातल्या मुलांना मराठी शिकवते आहे, म्हणून हक्काने उत्तर देते. मराठीचा खरा शत्रू उर्दू नाही, मुकेपणा आहे. ज्या मुलाला 'पानी', 'भूक', 'डर' हे घरचे शब्द धीटपणे बोलता येतात, ते मूल पाचवीत माझ्याकडे येऊन मराठी झपाट्याने उचलतं. ज्याला तीन-चार वर्षं एका खोलीत बसवून न कळणाऱ्या सूचना ऐकवल्या, ते मूल मराठीला घाबरतं आणि पुढे माझी निम्मी ताकद ती भीती काढण्यात जाते. मराठीवर प्रेम असेल तर सेविकेला उर्दूत शिकवा आणि त्याच प्रशिक्षणात खेळ-गाण्यांतून मराठी कशी आणायची हेही शिकवा. मराठी येणाऱ्या उर्दू शिक्षिका प्रत्येक जिल्ह्यात आहेत. त्यांना तज्ज्ञ म्हणून बोलवायला कुणाची हरकत आहे?

महाराष्ट्राला हे नवीन नाही. ताराबाई मोडक १९४५ मध्ये बोर्डीला गेल्या आणि पुढे अनुताई वाघांच्या साथीने कोसबाडला वारली मुलांत राहिल्या. माँटेसरीची महागडी साधनं तिथे परवडणारी नव्हती, तर शिंपले, बिया, पानं, दगड यांतून साधनं उभी केली. मुलं शाळेत येत नाहीत, तर शाळाच त्यांच्या अंगणात नेली. मुलं आपल्याकडे येत नसतील तर आपण त्यांच्याकडे जायचं, हे ज्या राज्याने देशाला दाखवलं, त्याच राज्यात सेविकेने मात्र आपली भाषा सोडून यावं असं म्हणायचं का?

दुसरा आक्षेप आपल्या घरातून येतो आणि तो मला जास्त टोचतो. "अंगणवाडी? वो तो गरीबों के लिए है." आपल्यातला जरा बरं कमावणारा माणूस मूल तीन वर्षांचं झालं की गल्लीतल्या इंग्लिश नर्सरीत घालतो. तिथे टाय आहे, बेल्ट आहे, भिंतीवर परदेशी कार्टून आहेत. आणि शिकवणारी कोण? महिना तीन-चार हजारांवर ठेवलेली अठरा-एकोणीस वर्षांची मुलगी, जिला कुणी एक दिवसाचंही प्रशिक्षण दिलेलं नाही. तीन वर्षांच्या बोटांत पेन्सिल कोंबून ए ते झेड लिहून घ्यायचं आणि पालकसभेत वही दाखवायची. ज्यांनी सर्टिफिकेट घेतलंय, त्यांतल्या काहींनी ते अशा क्लासमधून घेतलंय जिथे फी भरली की हजेरी आपोआप लागते. आपले ट्रस्ट, आपल्या संस्था शादीखान्याच्या फरशीवर लाखो रुपये खर्च करतात. त्यांच्या नर्सरीतल्या बाईला मान्यताप्राप्त कोर्सला पाठवायचं म्हटलं की बजेट नसतं. सरकारला जाब विचारायचा तर हा आरसाही सोबत ठेवावा लागेल.

उर्दूत एक सुंदर गोष्ट आहे. 'तरबियत' या एकाच शब्दात मुलाचं संगोपनही येतं आणि शिक्षकाचं प्रशिक्षणही. आई मुलाची तरबियत करते आणि शिक्षकाचीही तरबियत होते. आपल्याकडे दर जुम्याला मुलांच्या तरबियतीवर भाषणं होतात. पण ज्या हातांत आपण मुलं सोपवतो, त्या हातांची तरबियत झाली आहे का, हे किती जणांनी विचारलं?

एक गोष्ट सेविकांच्या बाजूनेही सांगायला हवी. प्रशिक्षण वाढवा म्हटलं की आधीच वाकलेल्या बाईवर आणखी एक ओझं, असं होऊ नये. तिला सर्वेक्षण, वजनं, टीएचआर वाटप, मोबाइलवरच्या नोंदी, निवडणुकीची कामं, सगळं असतं. तिला मिळतं त्याला पगार म्हणत नाहीत, मानधन म्हणतात. केंद्राने सेविकेचं मानधन ऑक्टोबर २०१८ पासून ४५०० रुपये आणि मदतनीसचं २२५० रुपये ठरवलं, वरची भर राज्याची. एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सेविका-मदतनीसांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे असा निकाल दिला. तरी डिसेंबर २०२३ मध्ये राज्यातल्या सेविकांना बेमुदत संपावर जावं लागलं. काम पूर्णवेळ, जबाबदारी व्यावसायिक आणि दर्जा मानसेवी, हे चालणार नाही. प्रशिक्षित माणूस हवा असेल तर त्याला प्रशिक्षित माणसासारखं वागवा.

म्हणून मागण्या साध्या आहेत. जिथे भाषेमुळे उर्दू, गोंडी किंवा कन्नड भाषिक सेविका नेमली, तिथे तिचं प्रशिक्षण आणि पुस्तिका त्या भाषेतही द्या. धोरणात लिहिलेला सहा महिन्यांचा आणि वर्षाचा अभ्यासक्रम खरोखर पूर्ण करा, मानधन न कापता, कामाच्या वेळेत. मदतनीसलाही त्यात बसवा, कारण ताटली पडल्यावर कोण दचकलं नाही हे आधी तिनेच पाहिलं होतं. नेमणूक आणि पहिलं प्रशिक्षण यांत वर्ष-दीड वर्ष जाऊ देऊ नका. आणि आपल्या संस्थाचालकांना एवढंच सांगते की पुढच्या वर्षी एक कमान कमी बांधा, दोन मुलींची फी भरा.

ज्या उर्दू-मराठी शिक्षिका हे वाचत असतील, त्यांच्यासाठी एक काम आहे. सरकार जागं होईपर्यंत थांबू नका. तुमच्या मोहल्ल्यातल्या सेविकेला रविवारी दुपारी घरी बोलवा आणि तिचे कागद तिला तिच्या भाषेत वाचून दाखवा. मी गेल्या पावसाळ्यापासून हे करते आहे. आता पाच जणी येतात, दोन मदतनीसही येतात. पण हे माझ्या बैठकीत व्हायचं काम नाही. हे सरकारचं काम आहे आणि ते सरकारने केलंच पाहिजे.

परवा तो मुलगा रस्त्यात भेटला. कानात यंत्र होतं. त्याच्या अम्मीने त्याला पुढे केलं आणि म्हणाली, "आपा को सलाम बोल." त्याने माझ्या ओठांकडे बघितलं आणि अडखळत सलाम केला. मी उत्तर दिलं. ते त्याला ऐकू गेलं.