गाण्याचा डबा मध्येच मान का टाकतो?

मैत्रिणींनो, ह्या खेपेचा विषय स्वयंपाकघरातला नाही, पण तिथून फार दूरचाही नाही. पुष्कळ घरांत आता ओट्याच्या कोपऱ्यावर किंवा आजींच्या उशाशी गाण्याचा एक लहानसा डबा असतो. कुणाच्या डब्यात जुनी गाणी नि अभंग आधीच भरलेले असतात, कुणी मेमरी कार्ड घालून आपल्या आवडीचं भरून घेतं. वायरीवाचून चालतो, ह्या खोलीतून त्या खोलीत नेता येतो, म्हणून सोयीचा. वर्ष-दोन वर्षं झाली, की त्याच्याबद्दल एकच तक्रार ऐकू येते. "अहो, रात्रभर चार्जिंगला लावला तरी दुपारीच मान टाकतो!" दुकानात नेला, तर उत्तर ठरलेलं: "बॅटरी गेली, ताई. दुरुस्त करण्यापेक्षा नवाच घ्या."

असेलही गेली. पण पाकिटाला हात घालण्यापूर्वी घरच्या घरी चार दिवस तपासणी करून पाहावी, असं माझं सांगणं आहे. त्याला ना पेचकस लागतो, ना विजेचं ज्ञान. दुधाचा हिशेब लिहितो ते कॅलेंडर आणि भिंतीवरचं घड्याळ एवढं पुरतं.

बॅटरीचा कारभार आपल्या गच्चीवरच्या टाकीसारखा असतो. सकाळी नळाला पाणी येऊन गेलं आणि दुपारीच टाकी रिकामी झाली, तर आपण लगेच नवी टाकी आणत नाही. ती मुळात पुरती भरली होती का, कुठे नळ गळतोय का, की आज कुणी जास्त पाणी वापरलं, हे आधी पाहतो. तळाशी गाळ साचून टाकीच लहान झाली असेल, हा विचार सगळ्यांत शेवटी. डब्याच्या बाबतीत मात्र सगळे ह्या शेवटच्या कारणापासूनच सुरुवात करतात.

तेव्हा आधी भरण्याचं पाहू. डब्याच्या पाठीवर किंवा बरोबरच्या कागदावर बॅटरीचा आकडा असतो, समजा २५०० मिलीअँपिअर-तास. मुलांच्या कॉम्प्युटरच्या साध्या जुन्या खाचेतून डबा चार्ज केला, तर तिथून पुष्कळदा ५०० मिलीअँपिअरच मिळतात. २५०० ला ५०० नी भागलं की पाच तास, आणि वाटेत थोडं वाया जातं ते धरून सहा तरी. दोन तासांनी "झालं असेल" म्हणून काढून घेतला, तर टाकी निम्मीसुद्धा भरलेली नसते. भिंतीच्या चार्जरवर काम लवकर होतं, पण वायर चांगली हवी. वायर पिळवटलेली असली किंवा पिन ढिली बसत असली, तर दिवा लागतो नि आत मात्र थेंबथेंबच जातं. ओट्यावरच्या डब्याच्या खाचेत कणीक, धूळ, कापसाचे तंतू हमखास बसतात. डबा बंद करून कोरड्या मऊ ब्रशने किंवा लाकडी दातकोरणीने ते अलगद काढावेत. टाचणी किंवा हेअरपिन घालू नये, आतल्या पात्या वाकतात.

आता गळती. ह्या डब्यांना बहुधा दोन बटणं असतात. रिमोटवरचं किंवा समोरचं बटण दाबलं, की गाणं थांबतं, पण पुष्कळ डबे आतून जागेच राहतात, कारण रिमोटची हाक ऐकायला कुणीतरी जागं हवं ना! खरं बटण असतं बाजूला किंवा पाठीमागे. रात्री तेच बंद करायचं. ब्लूटूथवर लावून ठेवलेला डबा आवाज न करता मोबाइलची वाट पाहत बसतो. बाहेरून वायर जोडून ऐकण्याच्या सोयीवर राहिला, तर शांत दिसला तरी आतला आवाज वाढवणारा भाग काही डब्यांत चालूच असतो. पेन ड्राइव्ह खोचलेला राहिला आणि डबा चालू असला, की तोही आपला वाटा खातो. हात लावून पाहा, कोमट लागेल. आणखी एक चोर म्हणजे बिघडलेलं मेमरी कार्ड. त्यावरची एखादी फाइल अर्धवट असली, तर काही डबे तीच पुनःपुन्हा वाचू पाहतात आणि आपल्याला नुसतीच शांतता ऐकू येते. कार्ड काढून एक दिवस रेडिओवर चालवून पाहावं, लगेच उमजतं.

गळती आहे की नाही, हे ठरवण्याची रीत अशी. पहिल्या दिवशी डबा पुरता चार्ज करून लगेच लावायचा, आवाज मध्यावर ठेवायचा आणि बंद पडेपर्यंत किती तास चालतो ते कॅलेंडरवर लिहायचं. पुन्हा पुरता चार्ज करून, सगळं खोचलेलं काढून, खरं बटण बंद करून चोवीस तास तसाच ठेवायचा. मग पहिल्यासारखाच लावायचा. दोन्ही आकडे जवळपास सारखे आले तर गळती नाही. दुसरा आकडा बराच कमी आला, तर बंद असतानाही डबा आतल्या आत खातो आहे. तो मात्र दुरुस्तीवाल्याकडेच न्यावा. बॅटरीच्या दिव्यांवर भरवसा ठेवू नका. तीन दिवे दिसतात म्हणजे पाऊण टाकी शिल्लक, असं काही नसतं. पहिला दिवा तासन् तास टिकतो आणि शेवटचे दोन भराभर जातात, असं पुष्कळदा होतं.

आमच्या शेजारच्या वहिनींनी हीच परीक्षा केली. त्यांच्या सासूबाईंचा डबा पूर्वी पहाटेच्या भूपाळीपासून संध्याकाळच्या हरिपाठापर्यंत पुरायचा. हल्ली चारच्या आतच बंद पडे. आजी बोलायच्या काही नाहीत, पण हरिपाठाच्या वेळी डबा मुका झाला की तोंड भिंतीकडे करून पडून राहायच्या. दुकानदाराने नव्या डब्याची किंमत सांगितली होती. वहिनींनी डबा मध्यम आवाजावर सकाळी आठला लावला, तो पाचाला थोडा कमी असताना थांबला. म्हणजे नऊ तास! दुसऱ्या दिवशीचा आकडाही तेवढाच. म्हणजे टाकी शाबूत, गळतीही नाही. राहिलं काय, तर वापर. आणि डबा आजींच्या हाती असताना आवाजाची खूण कुठे असते, हे वहिनींनी पाहिलं. अगदी शेवटच्या टोकाला.

इथे थोडं शास्त्र सांगायला हवं. आपल्या कानांना आवाज दुप्पट वाटावा, म्हणून स्पीकरला साधारण दहापट शक्ती पुरवावी लागते. म्हणून आवाजाच्या शेवटच्या दोन-तीन खुणा जेवढं खातात, तेवढं खालच्या सगळ्या मिळूनही खात नाहीत. डबा रोज थोडा लवकर संपू लागला, तर बॅटरी म्हातारी झाली हे एक कारण असू शकतं, आणि ऐकणाऱ्याचे कान मंदावले हे दुसरं. वय झालं की बारीक, उंच पट्टीचे आवाज आधी ऐकू येईनासे होतात. बोलणं कानावर पडतं, पण शब्द कळत नाहीत. आजींना हाक मारली तर त्या वळायच्या, पण सांगितलेलं भलतंच करायच्या. "आईंचं लक्षच नसतं," असं घरात सगळे म्हणत, नातवंडंसुद्धा.

कानाच्या डॉक्टरांकडे नेल्यावर एका कानात मळ घट्ट बसलेला निघाला, तो त्यांनी काढला. बाकीचं वयोमानाचं आहे असं तपासून सांगितलं, आणि श्रवणयंत्राचा विचार आता चालू आहे. डबा कपाटावर असायचा, तो वहिनींनी आजींच्या पलंगाजवळच्या स्टुलावर आणला. मोकळ्या जागेत अंतर निम्मं केलं तर आवाजाची तीव्रता चौपट होते. खोलीत भिंतींमुळे इतका चोख हिशेब लागत नाही, पण फरक चांगला पडतो. आता खूण मध्याच्या जरा वर असते आणि हरिपाठ पुरा होतो. तुमच्याकडेही डबा वडीलधाऱ्यांच्या हाती असेल, तर आधी आवाजाची खूण पाहा, आणि डबा दुकानात नेण्याआधी त्यांना डॉक्टरांकडे न्या. घरी कानात काडी, पिन किंवा गरम तेल घालू नका.

मध्यम आवाजावरही डबा पूर्वीच्या निम्माच वेळ चालत असेल, तर मात्र टाकी लहान झाली म्हणायची. ह्या लिथियम-आयन बॅटऱ्या १९९१ साली प्रथम बाजारात आल्या. त्यांचं आयुष्य साधारण ३०० ते ५०० वेळा पुरतं भरण्या-रिकामं करण्याइतकं असतं, मग त्या हळूहळू कमी धरू लागतात. त्यांच्याशी जुन्या सवयींनी वागून चालत नाही. १९७९ साली पहिला वॉकमन निघाला, तो दोन पेन्सिल सेलांवर चाले. घरोघरच्या ट्रान्झिस्टरला टॉर्चचे सेल लागत, आणि ते दमले की आपण अंगणात उन्हाला ठेवायचो. त्या सेलांना उन्हाने थोडी धुगधुगी यायचीही. लिथियमला ऊन म्हणजे विष. गॅसजवळ, देवघरात निरांजनापाशी, फ्रिजच्या डोक्यावर किंवा खिडकीतल्या उन्हात डबा ठेवू नये. नागपूर-चंद्रपूरकडे उन्हाळ्यात पारा ४५ अंशांवर जातो, तिथे भर दुपारी चार्जिंगला लावूच नये. पहाटे लावावा, तोही फरशीवर, गादी-उशीवर नव्हे. "पुरती उतरल्याशिवाय चार्ज करायची नाही" हा नियमही जुन्या निकेल-कॅडमियमच्या सेलांचा. लिथियमला अधूनमधून थोडं थोडं भरलेलं चालतं. माहेरी महिनाभर जाणार असाल, तर साधारण निम्मा भरून, बंद करून, थंड जागी ठेवून जा.

बॅटरी बदलायचीच ठरली, तर नवा डबा घ्यायलाच हवा असं नाही. पुष्कळ डब्यांत १८ मिलिमीटर जाडीचा नि ६५ मिलिमीटर लांबीचा साधा गोल सेल असतो. माहीतगार दुरुस्तीवाला तेवढ्याच व्होल्टचा, संरक्षक पट्टी असलेला सेल बसवून देतो. समोर बसून बदलून घ्यावा आणि लगेच घरी येऊन कॅलेंडरची परीक्षा पुन्हा करावी.

डब्याचं झाकण फुगलं असेल, बसेनासं झालं असेल किंवा गोडसर उग्र वास येत असेल, तर एकही परीक्षा करू नका. चार्जिंग ताबडतोब थांबवा, दाबून किंवा भोसकून पाहू नका, कपड्यांपासून नि मुलांपासून दूर, फरशीवर ठेवा आणि त्याच दिवशी घराबाहेर काढा. घंटागाडीत टाकू नका, गाडीत चेपली गेली तर पेट घेते. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांप्रमाणे जुन्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. तेव्हा विक्रेत्याला किंवा नगरपालिकेच्या ई-कचरा केंद्राला आधी फोन करून विचारावं आणि तिथेच नेऊन द्यावी.