द्राक्षाचा पंचनामा होतो, मोहाचा का नाही?

नोव्हेंबर २०२३ च्या अखेरीस निफाड परिसराला गारपिटीने झोडपले. राज्यभर हळहळ व्यक्त झाली, पंचनामे झाले. ते उचितच होते. ऑक्टोबर छाटणीनंतर जोपासलेला घड डोळ्यांदेखत मातीमोल होण्याचे दुःख बागायतदारच जाणे. परंतु हाच लहरी निसर्ग राज्याच्या पूर्व टोकालाही घाव घालतो, तेव्हा त्याची साधी नोंदही होत नाही.

चंद्रपूर-गडचिरोलीच्या वनवासी बांधवांची द्राक्षे म्हणजे मोहाची फुले! मार्च-एप्रिलमध्ये पहाटे गळणारी ही फुले वेचायची, उन्हात वाळवायची आणि अडीअडचणीसाठी राखून ठेवायची, ही तेथील कुटुंबाची शिदोरी. मोह म्हणजे केवळ दारू, हा शहरी समज अज्ञानमूलक आहे. तो अन्न आहे, औषध आहे आणि गोंड समाजाच्या श्रद्धेचा विषयही आहे. ऐन हंगामात आभाळ भरून आले, अवकाळी सर कोसळली की वेचलेली फुले वाळत नाहीत, काळवंडतात, कुजतात. मे महिन्यात तेंदूपानांचा हंगाम येतो. गारांनी फाटलेले पान विडीच्या उपयोगाचे उरत नाही. त्या हंगामात चंद्रपूरचा पारा ४५ अंशांपलीकडे जातो, आणि पाने तोडणारी माणसे त्याच उन्हात असतात. चंद्रपूरच्या कोळशातून निर्माण होणारी वीज राज्य उजळते. तापलेल्या हवेचा चटका मात्र ज्याच्या घरात जेमतेम एक दिवा जळतो त्याला बसतो. हा कोठला न्याय?

द्राक्षासाठी हवामानावर आधारित फळपीक विमा आहे. मोहाला तो नाही. कारण मोहाचे झाड सातबाऱ्यावर पीक म्हणून चढत नाही. २०१३-१४ पासून केंद्राने गौण वनोपजांना किमान आधारभूत किंमत देण्याची योजना राबविली. तिचे स्वागतच आहे. परंतु जे हातीच लागले नाही त्याला भाव कोठून मिळणार?

‘बागायतदार भांडवल घालतो, विम्याचा हप्ता भरतो; वनवासी काय गमावतो?’ असा प्रश्न केला जाईल. उत्तर कायद्यातच आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावर वनवासींची मालकी मान्य केली. मालकी मान्य, तर मालकाची हानीही मान्य करावयास हवी. ती मोजायची कोणी? अर्थात ग्रामसभेने. मेंढा-लेखाने २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवून आपल्या जंगलाचा कारभार चालवून दाखविला आहे. अशा ग्रामसभांनी दरवर्षी मोह-तेंदूच्या संकलनाची नोंद ठेवावी आणि शासनाने ती नुकसानभरपाईसाठी ग्राह्य धरावी.

कार्यकर्त्यांनाही येथे काम आहे. फुले वेचणे सोपे व्हावे म्हणून झाडाखालचा पाचोळा पेटविला जातो आणि त्यातून वणवे भडकतात. त्याऐवजी झाडाखाली जाळी बांधणे, नोंदवह्या लिहिण्यास तरुणांना शिकविणे, हे गावोगावी करता येईल.

पंडित दीनदयाळजींनी सांगितलेला अंत्योदय हा केवळ भाषणाचा विषय नव्हे. निफाडच्या घडाला लागलेली गार आपल्याला दिसते. रांगेच्या शेवटी उभ्या असलेल्या माणसाच्या टोपलीत भिजलेले फूलही दिसले, तरच आपली दृष्टी समाजाची म्हणता येईल.