आयत पाठ आहे, जखम बांधता येते का?

वर्धा जिल्ह्यातील पुलगावच्या दारूगोळा भांडारात ३१ मे २०१६ रोजी आग लागून स्फोट झाले. किमान १६ जणांचा जीव गेला. २०१८ मध्ये तिथेच जुना दारूगोळा निकामी करताना आणखी ६ जण दगावले. मोठी रुग्णालये सावंगी-सेवाग्रामला, वर्ध्याजवळ. तिथे पोहोचेपर्यंत जखमीचा जीव शेजारी उभ्या माणसाच्या हातात असतो. वाहते रक्त स्वच्छ कापडाने घट्ट दाबून धरणे आणि १०८ ला फोन करणे, एवढे प्रत्येकाला यायलाच हवे. रस्ता अपघातात पोलिसांच्या भीतीने मागे सरकू नका. मदत करणाऱ्याला २०१९ च्या मोटार वाहन दुरुस्ती कायद्याने संरक्षण दिले आहे.

एक जीव वाचवणे म्हणजे साऱ्या मानवजातीला वाचवणे, ही सूरह माइदाची शिकवण आपण जलशांत ऐकतो. आता ती हातांनाही शिकवू या. जुम्याच्या नमाजनंतर डॉक्टरांना बोलवा, तासभर प्रथमोपचार शिका. शेजारच्या वस्तीतल्या हिंदू, बौद्ध मित्रांनाही सोबत घ्या.